माणसाएवढं ओझं : मोठ्या बाहुल्या उचलताना होणाऱ्या इजांचा आढावा

३५ किलो गहू भरलेलं पोतं आणि ३५ किलोची माणसाएवढी बाहुली काट्यावर सारखीच भरतात. पण पोतं पाठीवर घेऊन सहज जिना चढणारा हमाल तीच बाहुली दोन्ही हातांवर आडवी घेऊन पलंगावरून खुर्चीत ठेवायला गेला, तर त्याचीही कंबर धरू शकते. पोतं अंगाला चिकटतं, पाठीच्या रेषेत बसतं आणि एकदा बसलं की हलत नाही. बाहुलीचं डोकं एकीकडे कलतं, पाय दुसरीकडे ओढतात, हात मध्येच लोंबायला लागतात. वजन पेलण्यापेक्षा तोल सांभाळण्यातच जास्त ताकद जाते.

या बाहुल्या प्रौढांसाठीच्या, सेक्स डॉल या नावानं ओळखल्या जाणाऱ्या. त्यांच्यामागच्या नीती-अनीतीबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. त्या जड असतात आणि त्या उचलणारं माणूस बहुतेक वेळा एकटं असतं, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही. एकटे राहणारे, जोडीदार गमावलेले, अपंगत्व आलेले, उतारवयाला लागलेले असे अनेक जण त्या घेतात, छायाचित्रणासाठीही घेतल्या जातात. त्यांच्या निवडीबद्दल कुणाचं काहीही मत असो, त्यांचा मणका तुमच्या-माझ्या मणक्यासारखाच आहे आणि तो तशाच चुकांनी दुखावतो. म्हणून या प्रश्नाकडे शरीराच्या बाजूनं, नीट आणि पूर्णपणे पाहायला हवं.

बाहुली जड कशी झाली

हवा भरून फुगवायची प्लॅस्टिकची बाहुली एका हातात मावायची. तिच्यामुळे कुणाची पाठ दुखायचं कारण नव्हतं. वजन आलं ते खरेपणाच्या ओढीतून. टोकियोत १९७७ साली सुरू झालेली ओरिएंट इंडस्ट्री ही कंपनी टप्प्याटप्प्यानं साध्या बाहुल्यांकडून सिलिकॉनच्या बाहुल्यांपर्यंत आली. अमेरिकेत कॅलिफोर्नियात मॅट मॅकमुलेन या शिल्पकारानं १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲबिस क्रिएशन्स या कंपनीतून ‘रिअलडॉल’ बाजारात आणली. आत धातूचा सांगाडा आणि वर सिलिकॉनचं मांस, ही रचना तिनं रुळवली. पुढे चीनमध्ये, विशेषतः ग्वांगडोंग प्रांतातल्या झोंगशानसारख्या शहरांत, टीपीई नावाच्या स्वस्त आणि मऊ पदार्थाच्या बाहुल्या मोठ्या संख्येनं बनू लागल्या आणि हे ओझं जगभरच्या घरांत पोचलं.

टीपीई म्हणजे रबरासारखा ताणणारा, तापवला की वितळणारा प्लॅस्टिकचा प्रकार. त्यात खनिज तेल मिसळून तो मऊ केलेला असतो. सिलिकॉन पाण्याहून थोडं जड, टीपीई थोडं हलकं. त्यामुळे एकाच मापाच्या दोन बाहुल्यांत सिलिकॉनची सहसा जास्त भरते. दीड मीटरच्या आसपास उंचीच्या भरीव बाहुल्या साधारण २५ ते ४५ किलोंच्या असतात. उंची थोडी वाढली, अंग थोडं भरलं, की वजन झपाट्यानं वाढतं, कारण लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही एकदम वाढतात. विकत घेणारा चित्रात उंची आणि बांधा पाहतो. किलोचा आकडा त्याला खरा कळतो तो खोकं दाराशी आल्यावर.

मेलेलं माणूस जड का लागतं

मेलेलं माणूस जड होतं, असं आपल्याकडे म्हणतात. वजन अर्थातच वाढत नाही, पण अनुभव खोटा नाही. जिवंत माणसाला उचलताना ते नकळत मदत करतं. मान सावरतं, हात आपल्या खांद्यावर टाकतं, पोट आवळतं, पाय जमिनीला लावतं. ही मदत थांबली की अंगाचा प्रत्येक भाग वेगळं ओझं होतो. बेशुद्ध रुग्ण, झोपेतलं मूल आणि सांध्यांतून सैल असलेली बाहुली यांचं उचलणाऱ्याच्या दृष्टीनं एकच नातं आहे.

सैल आणि सहकार्य न करणारं शरीर कसं न्यायचं, याचं उत्तर आपल्या समाजानं फार पूर्वी शोधलं. तिरडी आठवा. दोन लांब बांबू, त्यांवर आडव्या कामट्या, वर बांधलेला देह आणि खाली चार खांदे. लोंबणारं अंग ताठ चौकटीला जखडलं जातं, धरायला बांबू मिळतो, भार खांद्यावर म्हणजे कण्याच्या जवळ येतो आणि चौघांत वाटला जातो. डोंगरातल्या वाड्यांवरून रुग्णाला बांबूला बांधलेल्या झोळीतून खाली आणतात, तिथंही हेच तत्त्व. बाहुली उचलणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. चौकट नाही, मूठ नाही, दुसरा खांदा नाही.

मूठ नसणं ही साधी अडचण नाही. बाहुलीला मनगटाला धरून ओढलं तर आतला सांधा ढिला होतो किंवा कातडी फाटते. काखेत आणि जांघेत तर ताण पडताच चीर जाते. त्यामुळे मालक तिला जपून, पसरलेल्या तळहातांवर, अंगापासून थोडं दूर धरून उचलतो. बाहुली वाचते, पण तिच्या कातडीवर पडायचा ताण उचलणाऱ्याच्या पाठीवर येतो.

तरफेचं गणित

कमरेचा मणका तरफेच्या टेकूसारखा आहे. त्याला मागून आवरून धरणारे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर खेचतात. समोर धरलेलं ओझं मात्र कितीही दूर असू शकतं. पलंगाच्या पलीकडच्या बाजूला पडलेली बाहुली वाकून उचलताना तिच्या वजनाचा मध्य मणक्यापासून ५० सेंटिमीटरवर सहज जातो. अंतर दसपट, म्हणून स्नायूंची खेचही दसपट. ३५ किलोच्या बाहुलीसाठी त्यांना सुमारे ३५० किलोंइतका जोर लावावा लागतो आणि तो सगळा दाब मणक्यांमधल्या गादीवर येतो. पुढे झुकलेल्या स्वतःच्या धडाचा भार त्यात अजून धरलेलाच नाही. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या ‘नायोश’ या अमेरिकी संस्थेनं कमरेच्या गादीवरच्या दाबाची सावध मर्यादा ३४०० न्यूटन, म्हणजे साधारण ३५० किलोंचा भार, इतकी ठरवली आहे. वरच्या उदाहरणात ती मर्यादा ओझ्यानंच गाठली.

याच संस्थेचं १९९१ साली सुधारलेलं वजन उचलण्याचं सूत्र जगभर वापरलं जातं. सगळं अनुकूल असेल, म्हणजे ओझं अंगाजवळ, मांडीच्या उंचीवर, समोर आणि नीट मूठ असलेलं असेल, तर ते २३ किलो मान्य करतं. त्यापुढे प्रत्येक गैरसोयीची वजावट होते. ओझं ५० सेंटिमीटर दूर असलं तर २३चे साडेअकरा होतात. हात जमिनीपासून ५० सेंटिमीटरवरच्या गादीपाशी असले तर १०.६ उरतात. कंबर ४५ अंश वळवावी लागली तर ९.१. पकड वाईट असली तर ८.२. हे सूत्र मुळात कारखान्यातल्या खोक्यांसाठी आहे, पण अंदाजासाठी पुरेसं आहे. साधारण ८ किलोंची परवानगी असलेल्या जागी माणूस ३५ किलो, म्हणजे चारपटींहून जास्त, उचलत असतो. हे प्रमाण तिपटीच्या पुढे गेलं की ते काम बहुतेकांसाठी धोक्याचं समजलं जातं.

ब्रिटनमधल्या कामगार-सुरक्षेच्या मार्गदर्शक आकड्यांतही हाच उतार दिसतो. कमरेच्या उंचीवर, अंगाजवळ धरलेलं ओझं पुरुषासाठी २५ आणि स्त्रीसाठी १६ किलो. तेच जमिनीलगत हात लांब करून उचलायचं असेल तर पुरुषासाठी ५ आणि स्त्रीसाठी ३.

गादीवरचा दाब प्रत्यक्ष मोजलेलाही आहे. जर्मनीत हान्स-योआखिम विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत दाबमापक बसवला आणि १९९९ साली मोजमापं प्रसिद्ध केली. नुसतं उभं असताना दाब ०.५ मेगापास्कल होता. २० किलो अंगाजवळ धरल्यावर १.१ आणि छातीपासून ६० सेंटिमीटरवर धरल्यावर १.८. पाठ गोल करून, वाकून तेच २० किलो उचलताना दाब २.३ झाला, उभ्या स्थितीच्या साडेचारपटींहून अधिक. माणूस एकच, वजन एकच. बदललं ते फक्त अंतर आणि पाठीचा बाक.

माथाडी कामगार ५० किलो डोक्यावर किंवा पाठीवर वाहतात. तेही मणक्याला फुकट पडत नाही, आणि त्यांच्यासाठी महाराष्ट्रात १९६९ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. पण माथ्यावरचं ओझं कण्याच्या रेषेत असतं, म्हणून तरफ आखूड राहते. हातांवर आडव्या घेतलेल्या शरीराची तरफ सगळ्यात लांब असते. सिनेमात नायक नायिकेला जसं दोन्ही हातांवर उचलतो, तीच पद्धत बाहुली नेताना पहिल्यांदा सुचते आणि तीच पाठीला सगळ्यात महाग पडते.

कुठे कुठे इजा होते

सगळ्यात आधी कंबर. साधी उसण भरली तर स्नायू आखडतात, वाकता येत नाही, पण काही दिवसांत किंवा आठवड्यांत बरं होतं. गादी फुगून किंवा फाटून नसेवर दाब आला तर कळ नितंबातून मांडीच्या मागून थेट पावलापर्यंत उतरते. खोकताना, शिंकताना ती वाढते. वाकणं आणि वळणं एकाच वेळी झालं की गादीच्या कडेच्या तंतूंवर सर्वाधिक ताण येतो. पलंगावरून बाहुली उचलून बाजूच्या खुर्चीत ठेवणं म्हणजे नेमकी तीच हालचाल.

त्यानंतर खांदा. हात लांब करून वजन तोलताना खांद्याच्या आतले बारीक स्नायू आणि त्यांचे कंडरे ताणले जातात. चाळिशीनंतर ते झिजलेले असतात, म्हणून एका झटक्यातही फाटू शकतात. मग हात डोक्याच्या वर जात नाही आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. कोपर वाकवून जड वजन पेलताना ते अचानक खाली ओढलं गेलं, तर दंडाच्या पुढच्या स्नायूचा कंडरा कोपरापाशी तुटू शकतो. ‘टक्’ असा आवाज आणि दंडावर वर सरकलेला गोळा ही त्याची खूण. अंगठा पसरून वरचेवर उचलल्यानं मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला सूज धरते. तान्ह्या बाळांच्या आयांना होणारं दुखणं हेच.

तिसरी जागा पोट. श्वास कोंडून जोर लावला की पोटातला दाब वाढतो. जांघेतली भिंत आधीच कमकुवत असेल तर अंतर्गळ, म्हणजे हर्निया, बाहेर दिसू लागतो. याच कोंडलेल्या श्वासानं रक्तदाब क्षणभर बराच वर जातो, म्हणून हृदयविकार किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असलेल्यांनी असा जोर टाळायला हवा. बाकी पायाच्या बोटांवर वजन पडणं, गुडघा मुरगळणं, ताठ सांध्याचा हात परत फिरून तोंडावर बसणं या इजा लहान वाटतात, पण होतात.

अपघात कुठे घडतात

पहिली जागा न्हाणीघर. टीपीईतून तेल हळूहळू पाझरतं, त्यात साबण आणि पाणी मिसळलं की पकड जवळजवळ नाहीशी होते. टबाच्या काठावरून वाकून ओलं वजन बाहेर काढताना ओझं दूर, पाठ गोल, पाय निसरड्या फरशीवर आणि धरायला काही नाही, असे सगळे धोके एकत्र येतात. वरचं सूत्र इथं लावायचीही गरज पडत नाही.

दुसरी जागा उभी बाहुली. उभं राहता यावं म्हणून काहींच्या तळव्यांतून धातूचे बोल्ट बाहेर काढलेले असतात. वजनाचा मध्य उंचावर आणि टेकू तळहाताएवढा, म्हणून दाराचा धक्काही तिला पाडायला पुरतो. ती पडू लागली की मालक तिला धरायला झेपावतो, आणि इजा होते ती त्या झेपेत. काही हजार डॉलर मोजून आणलेली वस्तू, तिच्याशी जुळलेलं मन, आणि विचार करायला वेळ नसलेला अर्धा क्षण. पडणारं वजन झेलताना स्नायूंना तयारी करायला सवड मिळत नाही आणि स्थिर वजनापेक्षा कितीतरी मोठा हिसका बसतो. हॉस्पिटलात रुग्ण पडू लागला तर त्याला हवेत झेलू नका, अंगाशी घेऊन हळूहळू जमिनीवर उतरवा, असं परिचारिकांना शिकवतात, ते याच कारणानं. बाहुलीसाठी नियम याहून सोपा आहे : पडू द्या. कातडीची चीर चिकटवता येते.

तिसरी जागा कपाट. बाहुली दबून चपटी होऊ नये म्हणून काही जण तिला मानेतल्या बोल्टला हूक लावून टांगतात. त्यासाठी आधी ती डोक्याच्या उंचीपर्यंत उचलावी लागते, आणि खांद्याच्या वर वजन नेणं हे सगळ्यात वाईट उचलण्यांपैकी एक. हूक भिंतीत पक्का बसलेला नसेल तर तो वजनासह अंगावर येतो. पलंगाखालच्या पेटीत ठेवणारे दुसऱ्या टोकाला जातात. दरवेळी जमिनीवर वाकून पूर्ण वजन उपसावं लागतं.

चौथी गोष्ट उष्णता. अंग कोमट वाटावं म्हणून काही बाहुल्यांत विजेची तापवणारी यंत्रणा असते, काही जण बाहेरून गरम सळी किंवा विजेचं पांघरूण वापरतात. टीपीई उष्णतेनं मऊ होऊन आकार सोडतं, यंत्रणा बंद केल्यावरही उष्णता धरून ठेवतं आणि तेलामुळे पेट घेऊ शकतं. ओल्या बाहुलीला वीज जोडणं तर जिवावरच बेतू शकतं. पाचवी गोष्ट बोटं. बाहुलीच्या बोटांत तार असते. वारंवार वाकवल्यावर ती कातडीतून बाहेर येते आणि उचलताना हाताला किंवा डोळ्याला लागते.

सहावी गोष्ट जिना. दोघांनी उचललं तरी जिन्यात खालच्याच्या वाट्याला जास्त भार येतो आणि त्याला पायरी दिसत नाही. एकट्यानं तर हा प्रयत्नच करू नये.

ज्यांना निवड नसते

मालकाची पाठ दुखली तर निदान ते ओझं त्यानं निवडलेलं असतं. साच्यातून बाहुली बाहेर काढणारा, तिला टांगून कडा साफ करणारा, डोकं आणि धड वेगळं करून खोक्यात भरणारा कारखान्यातला कामगार दिवसभर तेच तेच देह हलवत असतो. मालकाची एक उचल, त्याच्या डझनावारी. शिवाय खोकं आतल्या वस्तूचा सुगावा लागू नये म्हणून मुद्दाम साधं ठेवतात. ते दीड मीटर लांब, बाहुलीहूनही जड, मूठ नसलेलं आणि एका टोकाला जास्त वजनाचं असतं. कुरिअरवाला ते एकटा तिसऱ्या मजल्यावर नेतो.

या लोकांसाठी उपाय घरगुती सावधगिरीचा नाही, कारखानदाराच्या जबाबदारीचा आहे. कारखान्यात वरून फिरणारा हूक आणि कमरेच्या उंचीचं चाकांचं टेबल हवं. खोक्यावर ठळक अक्षरांत वजन, जड बाजूची खूण आणि ‘दोघांनी उचला’ ही सूचना हवी. आत काय आहे ते लपवताना ते किती जड आहे हे लपवायचं कारण नाही.

वॉर्डानं आधीच शिकलेला धडा

माणसाच्या आकाराचं ओझं सुरक्षितपणे कसं हलवायचं, याचं ज्ञान जगात आहे. ते परिचारिकांनी आपल्या कमरेची किंमत देऊन मिळवलं. वर्षानुवर्षं त्यांना ‘गुडघे वाका, पाठ सरळ ठेवा’ हे शिकवलं गेलं आणि तरी त्यांच्या पाठी जात राहिल्या. अशा प्रशिक्षणाच्या अभ्यासांचा कॉक्रेन संस्थेनं पद्धतशीर आढावा घेतला, तेव्हा नुसत्या सल्ल्यानं आणि शिकवणीनं पाठदुखी टळते असा पुरावा मिळाला नाही. कमरेचा पट्टा बांधल्यानं निरोगी माणसाची इजा टळते हे सिद्ध झालेलं नाही, हा ‘नायोश’चा १९९४ सालचा निष्कर्ष. पट्ट्यानं उलट ‘आता झेपेल’ असा खोटा धीर येतो.

मग रोख बदलला. माणसाला सुधारण्यापेक्षा उचलणंच कमी करायचं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात परिचारिकांच्या संघटनेनं १९९८ साली ‘उचलायचं नाही’ हे धोरण मांडलं. अमेरिकेत टेक्सासनं २००५ साली आणि कॅलिफोर्नियानं २०११ साली रुग्ण हलवण्याच्या सुरक्षिततेसाठी कायदे केले. २००७ साली थॉमस वॉटर्स या संशोधकानं ‘नायोश’च्या सूत्राचा आधार घेऊन दाखवलं की, रुग्ण हलवताना अनुकूल परिस्थितीतही हातानं पेलायचं वजन ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलोंपुढे जाऊ नये. त्यापुढे साधन वापरायचं. जपानमध्ये रायकेन या संशोधन संस्थेनं २००९ साली ‘रिबा’ आणि २०१५ साली ‘रोबेअर’ हे रुग्णाला उचलणारे यंत्रमानव तयार केले. म्हाताऱ्यांचा देश झालेल्या जपानला हा प्रश्न घराघरात भेडसावत होता. मोटारींच्या टकरीच्या चाचण्यांत वापरला जाणारा ‘हायब्रिड ३’ हा ७८ किलोंचा पुतळाही हातांवर उचलून गाडीत ठेवत नाहीत, त्याला यारीनं उतरवतात.

हा धडा मी घरात शिकलो. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उशीकडे ओढायला गेलो आणि आठ दिवस स्वतःच अंथरुणात पडलो. त्यांच्या सेवेला येणाऱ्या मावशी पन्नाशीच्या, अंगानं किरकोळ. त्यांनी कधी वडिलांना उचललं नाही. वडिलांच्या खाली आडवी दुमडलेली चादर कायम असायची. तिची टोकं गुंडाळून त्या मूठ करायच्या, एक पाय पुढे, एक मागे, आणि स्वतःचं वजन मागे टाकून ती चादर सरकवायच्या. मी जे वजन हातांनी उपसत होतो ते त्या पायांनी ढकलत होत्या. आजही बाहुलीच काय, कोणतंही माणसाएवढं ओझं पाहिलं की मला ती चादर आठवते.

घरात काय करता येईल

पहिला उपाय खरेदीपूर्वीचा. स्वतःला वारंवार एकट्यानं काय हलवता येतं, याचा प्रामाणिक अंदाज घ्यावा आणि बाहुलीची उंची नव्हे, किलो पाहावेत. आत फोम भरून वजन कमी केलेल्या बाहुल्याही मिळतात. पाठीचं जुनं दुखणं, हर्निया, हाडांचा ठिसूळपणा असेल तर जड बाहुली हे पैसे देऊन आणलेलं दुखणं ठरतं.

दुसरा उपाय जागेचा. बाहुली ठेवायची जागा, वापरायची जागा आणि साफ करायची जागा एकाच उंचीवर, शक्य तर एकाच खोलीत असावी. मग उचलण्याचं सरकवणं होतं. मांडीच्या उंचीचा पक्का दिवाण जमिनीवरच्या पेटीपेक्षा आणि भिंतीतल्या हुकापेक्षा चांगला. टबात नेण्याऐवजी जागेवरच, मेणकापड अंथरून, ओल्या फडक्यानं पुसावं. मग निसरड्या न्हाणीघरात जावंच लागत नाही.

तिसरा उपाय साधनांचा. गुळगुळीत कापडाची दुहेरी चादर खाली असली की ओढणं सोपं होतं. एका खोलीतून दुसरीत न्यायला चाकांना खटका असलेली खुर्ची किंवा व्हीलचेअर पुरते. खटका आधी लावायचा, बाहुली नंतर ठेवायची. रुग्णांसाठीचा झोळीचा उचलयंत्र-पाळणा वैद्यकीय वस्तू भाड्यानं देणाऱ्यांकडे मिळतो आणि ज्यांना वाकताच येत नाही त्यांच्यासाठी तोच खरा मार्ग.

आणि तरीही उचलावंच लागलं तर आधी वजन सोडवावं. डोकं काढता येत असेल तर ते वेगळं न्यावं, थोडं वजन तिथंच कमी होतं आणि कलणारा भाग जातो. बाहुलीला आधी बसत्या स्थितीत दुमडावं, म्हणजे लांब ओझं आखूड होतं. आडवं उचलू नये. समोरासमोर छातीला छाती लावून, तिचे हात आपल्या खांद्यांवर टाकून, पाठीमागे आपली बोटं गुंफावीत आणि पायांनी उठावं. वळायचं असेल तर कंबर न पिळता पावलं टाकावीत. श्वास कोंडू नये. हात तेलकट असतील तर पुसावेत, फरशी कोरडी करावी, चप्पल घसरणारी नसावी. दमलेलं असताना, झोपेतून उठल्या-उठल्या किंवा दारू घेतलेली असताना हा प्रयत्न करू नये. सकाळी उठल्यावर मणक्यांतल्या गाद्या रात्रभर पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि वाकण्याचा ताण त्यांना जास्त जाणवतो.

लाजेचं वजन

या सगळ्या इजांना एक जास्तीचं ओझं चिकटलेलं आहे. शेजाऱ्याला ‘जरा हात लावता का’ म्हणता येत नाही. कंबर धरली तर घरच्यांना कारण सांगता येत नाही. डॉक्टरांनी विचारलं तर माणूस कपाटाचं नाव घेतो. २००८ साली जपानमधल्या इझू भागातल्या जंगलात गुंडाळलेली एक बाहुली सापडली. पोलिसांनी तिला प्रेत समजून तपास सुरू केला, आणि ती बाहुली आहे हे तपासणीच्या वेळी उघड झालं. जड, लाजिरवाणी समजली जाणारी आणि कचऱ्यात सहज न मावणारी वस्तू माणसाला किती एकटं पाडते, हे त्या गुंडाळीत दिसतं. तिची विल्हेवाट लावतानाही धोका असतो. आतला पोलादी सांगाडा कापायला माणसं करवत घेऊन बसतात आणि हात कापून घेतात. मोठ्या वस्तू नेणाऱ्या सेवेला बोलावणं हेच सुरक्षित.

डॉक्टरांना वस्तूचं नाव हवं असतंच असं नाही. ‘३५ किलोचं, मूठ नसलेलं वजन, वाकून, उजवीकडे वळताना उचललं’ एवढ्यावर त्यांना निदानाची दिशा मिळते. आणि नाव सांगितलंच तरी रुग्णाची गोष्ट गुप्त ठेवणं त्यांच्या व्यवसायाचं बंधन आहे. साधी उसण असेल तर झेपेल तेवढं हिंडतं-फिरतं राहावं, अंथरुणाला चिकटून राहू नये. पण पाय लुळा पडत असेल, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा आला असेल, लघवी अडकली असेल किंवा आवरत नसेल, तर ती नसांच्या जुडग्यावर दाब आल्याची खूण असू शकते. तिथं तास मोजले जातात. रात्र असो, लाज वाटो, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायला हवं. हर्नियाचा गोळा आत जात नसेल, दुखत असेल आणि उलट्या होत असतील, तेव्हाही तसंच.

तिरडीला चार खांदे लागतात आणि ते मागताना कुणी संकोचत नाही, कारण देह जड असतो हे सगळ्यांना मान्य असतं. जिवंत माणसानं आपल्या घरात, बंद दाराआड उचललेलं ओझंही तितकंच जड असतं. ते उचलताना त्याच्याजवळ दुसरा खांदा नसेल, तर निदान खाली अंथरलेली एक चादर, चाकांची एक खुर्ची आणि न लाजता खरं सांगता येईल असा एक डॉक्टर असावा.